जाणणाऱ्याचे पद: हुकूमशाहीतील गुप्तवार्ता-प्रमुख आणि साक्षीचा धर्म

हुकूमशाही राजवटीत लष्करी गुप्तवार्ता-प्रमुखाचे पद भूषवणाऱ्या माणसाचे आयुष्य हा धर्मविचाराच्या दृष्टीने एक स्वतंत्र प्रश्न आहे, कारण अशा राजवटीत इतर बहुतेकांना उपलब्ध असणारा अज्ञानाचा बचाव त्याला उपलब्ध नसतो. शेतकरी, कारकून, फार काय सीमेवरचा शिपाईसुद्धा, आपल्या नावाने काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणू शकतो आणि ते पुष्कळदा खरेही असते. परंतु शत्रूच्या हालचाली, मित्रांचे हेतू आणि आपल्या बाजूची फितुरी या तिन्हींची बातमी गोळा करणे हेच ज्याचे काम, त्याच्या मेजावर राजवटीची दुष्कृत्येही कागदाच्या रूपाने रोज येऊन पडतात. तो जाणतो, आणि जाणणे हे त्याच्या चाकरीचेच अंग असल्यामुळे त्याला डोळे मिटून घेण्याची मुभा नसते. अशा माणसाने काय करावे, पदावर राहून जेवढा अनर्थ थोपवता येईल तेवढा गुपचूप थोपवावा, की पद सोडून आपल्याला जे कळले ते उघड सांगावे, हा प्रश्न राजकीय वाटला तरी त्याच्या मुळाशी सत्य, शपथ, आपद्धर्म आणि प्रायश्चित्त या धार्मिक संकल्पना आहेत.

या प्रश्नाचे विसाव्या शतकातील सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीचे आहे, आणि त्याचा एक धागा थेट वर्ध्यापर्यंत येतो. वर्धा शहरापासून सेवाग्राम आणि पवनार ही दोन्ही ठिकाणे काही किलोमीटरच्या अंतरात आहेत, आणि 1933 पासून गांधीजींचा तळ याच परिसरात होता. 1934 मध्ये डीट्रिख बोनहोफर नावाच्या तरुण जर्मन पाद्र्याने, हिटलरच्या राजवटीला चर्चने कसे तोंड द्यावे हे शिकण्यासाठी, गांधीजींच्या सहवासात काही काळ राहण्याची इच्छा व्यक्त केली. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी त्याची शिफारस केली आणि 1 नोव्हेंबर 1934 रोजी गांधीजींनी त्याला पत्र लिहून, प्रवासाची आणि येथील राहण्याची तजवीज स्वतः करता येत असेल तर केव्हाही यावे, असे कळवले. बोनहोफर आला नाही; 1935 मध्ये त्याने जर्मनीत फिंकेनवाल्ड येथे पाद्र्यांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले, आणि जो माणूस वर्ध्याला येऊन उघड सत्याग्रहाचा अभ्यास करणार होता तो 1940 च्या अखेरीस जर्मन लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचा नाममात्र हस्तक बनला. त्या विभागाचे नाव ‘आबवेर’, आणि त्याचा प्रमुख ॲडमिरल विल्हेल्म कानारिस. 9 एप्रिल 1945 च्या पहाटे फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत हे दोघेही, पाद्री आणि प्रमुख, एकाच ठिकाणी फासावर गेले. मृत्यू एक असला तरी त्यांच्या आयुष्यांचा नैतिक अर्थ एकच आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे.

कानारिसचे चरित्र संताचे नाही, आणि त्याला तसे रंगवण्याचा मोह टाळला पाहिजे. 1 जानेवारी 1887 रोजी डॉर्टमुंडजवळ जन्मलेला हा नौदल अधिकारी पहिल्या महायुद्धात ‘ड्रेस्डेन’ या युद्धनौकेवर होता. 1915 मध्ये ती नौका बुडवावी लागल्यानंतर चिलीमध्ये स्थानबद्ध झालेला कानारिस दुसऱ्याच्या नावाच्या पारपत्रावर अँडीज पर्वत ओलांडून, आणि पुढे शत्रूच्याच बंदरातून वाट काढून, मायदेशी परतला. वेषांतर, परभाषा आणि थंड डोके हे त्याचे गुण तेव्हापासूनचे आहेत. 1919 मध्ये रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्ट या साम्यवादी नेत्यांच्या मारेकऱ्यांवर चाललेल्या लष्करी खटल्यात तो न्यायाधीशांपैकी एक होता, आणि त्या खटल्यात झालेला न्याय नावापुरताच होता. साम्यवादाचा कट्टर विरोधक या नात्याने 1933 मध्ये त्याने हिटलरच्या सत्तेचे स्वागतच केले, आणि 1935 च्या आरंभी तो आबवेरचा प्रमुख झाला. पक्षाच्या सुरक्षा यंत्रणेचा क्रूर प्रमुख राइनहार्ड हायड्रिख हा पूर्वी नौदलात त्याच्या हाताखाली होता. बर्लिनमध्ये दोन्ही कुटुंबांचा शेजार होता आणि हायड्रिख कानारिसच्या घरी व्हायोलिन वाजवायला येत असे. दोघे एकमेकांवर पाळत ठेवून होते, हेही तितकेच खरे. राजवटीबद्दल कानारिसचा भ्रमनिरास 1938 मध्ये, सेनापती फ्रिट्श यांना खोट्या आरोपाखाली पदच्युत केले गेले तेव्हापासून, स्पष्ट दिसू लागतो. म्हणजे त्याला प्रथम जाग आली ती आपल्या वर्गावर अन्याय झाला तेव्हा, आणि याची नोंद त्याच्याविषयी सहानुभूती असणाऱ्यानेही घेतली पाहिजे.

त्यानंतरचे त्याचे वर्तन दुहेरी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे वर्गीकरण करताना ‘उभयवेतन’ असा एक प्रकार सांगितला आहे: दोन्ही बाजूंचे वेतन घेणारा, पण निष्ठा एकाच बाजूशी असणारा. कानारिसने शत्रूचे वेतन घेतले नाही. तरीही तो दोन धन्यांचा चाकर होता, एक हिटलर आणि दुसरी त्याची सद्सद्विवेकबुद्धी. आपल्या कचेरीत त्याने हान्स ओस्टर या अधिकाऱ्याला राजवटीविरुद्ध कट करू दिला, आणि त्याच ओस्टरने हॉलंडवरील हल्ल्याची तारीख डच लष्करी प्रतिनिधीला आधीच कळवली. बोनहोफरचा मेहुणा, विधिज्ञ हान्स फोन डोनानी, याच्या पुढाकाराने 1942 मध्ये 14 माणसांना, ज्यांतील बहुतेक ज्यू किंवा ज्यू वंशाची होती, आबवेरचे हस्तक असल्याची खोटी ओळख देऊन स्वित्झर्लंडला पोहोचवण्यात आले. 12 सप्टेंबर 1939 रोजी हिटलरच्या खास रेल्वेगाडीत कानारिसने सरसेनाधिकारी कायटेल याची भेट घेऊन, पोलंडमधील सरदार आणि धर्मगुरू यांना सरसकट ठार करण्याच्या योजनेविरुद्ध तक्रार केली आणि याचा जाब जग एक दिवस लष्कराला विचारील असे बजावले. त्याचा सहकारी लाहुझेन याने पुढे न्यूरेंबर्गच्या न्यायालयात याची साक्ष दिली.

पण याच आबवेरने 1939 च्या ऑगस्टमध्ये, पोलंडनेच आगळीक केली असे भासवण्याच्या बनावासाठी, पोलिश लष्कराचे गणवेश पुरवले होते. व्यापलेल्या प्रदेशांत बंडखोर म्हणून पकडलेल्यांचा छळ आणि हत्या करणारे गुप्त लष्करी पोलीस दल आबवेरच्याच देखरेखीखाली काम करत होते. विभागाची बातमी जितकी अचूक, तितके हिटलरचे सैन्य प्रभावी, हे साधे गणित कोणत्याही खासगी दयेने बदलत नव्हते. 14 जणांना वाचवण्यासाठी जी कचेरी वापरली गेली तीच कचेरी लक्षावधींना चिरडणाऱ्या यंत्राचे डोळे आणि कान होती, आणि तिचा प्रमुख चांगला माणूस असल्यामुळे ती अधिक नीट चालत होती.

या दुहेरी वर्तनाचे समर्थन ज्या तत्त्वावर केले जाते त्याला भारतीय परंपरेत आपद्धर्म असे नाव आहे. आपद्धर्म म्हणजे संकटकाळी लागू होणारा, एरवी निषिद्ध असणारा आचार. महाभारताच्या शांतिपर्वात या विषयाचे एक स्वतंत्र उपपर्वच आहे, आणि दुष्काळात प्राण वाचवण्यासाठी चांडाळाच्या घरातील निषिद्ध मांस उचलणाऱ्या विश्वामित्राची कथा त्यात येते. त्या कथेचा आधार घेऊन असे म्हणता येईल की, अधर्माच्या राज्यात खोटी कागदपत्रे बनवणे किंवा धन्याला फसवणे हे पाप नव्हे. हे म्हणणे त्याच्या मर्यादेत खरे आहे. सत्याच्या नावाखाली दरोडेखोरांना पळालेल्या माणसांची वाट दाखवणारा कौशिक नावाचा तपस्वी नरकात गेला, अशी कथा श्रीकृष्ण कर्णपर्वात अर्जुनाला सांगतो. उलट इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 मध्ये, दारात आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगता येणार नाही, असा कठोर पक्ष मांडला. महाभारताची बाजू येथे अधिक शहाणपणाची आहे, आणि हिटलरच्या अधिकाऱ्यांना कानारिसने फसवले याबद्दल त्याला दोष देण्याचे काहीही कारण नाही.

दोष असेल तर तो दुसरीकडे आहे. आपद्धर्माला दोन मर्यादा आहेत: तो संकटापुरता असतो, आणि तो उपजीविका होऊ शकत नाही. विश्वामित्राने एकदा निषिद्ध मांस उचलले. त्याने त्या मांसाचे दुकान मांडले नाही. कानारिस 9 वर्षे त्या पदावर राहिला, त्याच पदाचे मान आणि अधिकार घेत राहिला, आणि अपवाद म्हणून सुरू झालेले दुटप्पीपण त्याचे नित्यकर्म बनले. दीर्घकाळ दुहेरी जगणाऱ्या माणसाला आपण प्रत्यक्षात कोणत्या बाजूला आहोत हे ठरवण्याची गरजच उरत नाही, कारण प्रत्येक दुष्कृत्यापुढे त्याच्याजवळ एक लपवलेले सत्कृत्य ठेवायला असते, आणि हा धोका अशा पदावरच्या चांगल्या माणसालाच अधिक असतो.

महाभारतातील लाक्षागृहाची कथा या संदर्भात बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण ती अधर्माच्या दरबारातील एका जाणणाऱ्या मंत्र्याचीच कथा आहे. पांडवांना वारणावतात जाळून मारण्याचा बेत विदुराला कळला. त्याने निरोप देताना युधिष्ठिराला इतरांना न समजणाऱ्या सांकेतिक भाषेत इशारा दिला, भुयार खणण्यासाठी एक विश्वासू खनक पाठवला आणि गंगेवर नावेची व्यवस्था केली. आजच्या भाषेत, दरबारातील अधिकाऱ्याने दरबाराविरुद्ध केलेली ही गुप्त कारवाई होती आणि ती यशस्वी झाली. परंतु त्या रात्री कुंतीने दिलेल्या भोजनाला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे त्या घरात झोपी गेले होते, आणि पांडवांनीच लावलेल्या आगीत ते सहाही जण जळून मेले. त्यांच्या देहांमुळेच पांडव मेले अशी दुर्योधनाची खात्री पटली. सुटकेच्या या कथेत त्या सहा जणांना नावे नाहीत. गुप्त सुटकेची किंमत बहुधा अशा बिननावाच्या माणसांकडून वसूल होते, हे कथाकाराने लपवले नाही हे त्याचे मोठेपण, आणि विदुराचे गुणगान करणारे पुष्कळ कीर्तनकार व भाष्यकार या सहा मृत्यूंजवळ थांबत नाहीत ही आपल्या वाचनाची उणीव आहे.

तथापि विदुर आणि कानारिस यांच्यात एक निर्णायक फरक आहे. विदुराने जे गुप्तपणे केले त्याच्या पाठीशी उघड उच्चार होता. द्यूतसभेत त्याने धृतराष्ट्राला तोंडावर सांगितले की हा खेळ कुळाचा नाश करील, आणि द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी सभेला तिच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. पुढे वनपर्वात, पांडवांना त्यांचे राज्य परत द्यावे असे स्पष्ट सांगितल्याबद्दल धृतराष्ट्राने त्याला वाटेल तिकडे चालते होण्यास सांगितले, आणि विदुर खरोखरच निघून काम्यक वनात पांडवांकडे गेला. राजाला पश्चात्ताप होऊन त्याने संजयाला पाठवले तेव्हाच तो परतला. म्हणजे पद गमावण्याची जोखीम त्याने उघडपणे पत्करली होती, आणि तो कोणत्या बाजूला आहे हे दुर्योधनापासून दासांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. याउलट भीष्म सभेत धर्माच्या सूक्ष्मतेचे कारण सांगून थांबला आणि हस्तिनापूरच्या सिंहासनाशी बांधलेल्या आपल्या प्रतिज्ञेला चिकटून राहिला. जर्मन सेनाधिकाऱ्यांनी 2 ऑगस्ट 1934 रोजी राष्ट्राशी किंवा राज्यघटनेशी नव्हे तर हिटलर या व्यक्तीशी निष्ठेची शपथ घेतली होती, आणि पुढील 10 वर्षे त्यांच्यातील अनेक सज्जन त्या शपथेचा उच्चार भीष्माच्या सुरात करत राहिले. महाभारताचा या बाबतीतील कल मात्र स्पष्ट आहे: त्याच भीष्मावर धावून जाताना श्रीकृष्ण शस्त्र न धरण्याची स्वतःची प्रतिज्ञा बाजूला ठेवतो.

बोनहोफरचे वेगळेपण याच कसोटीवर दिसते. 1 फेब्रुवारी 1933 रोजी, हिटलर सत्तेवर येऊन दोन दिवस झाले असताना, नेत्याच्या कल्पनेत दडलेल्या मूर्तिपूजेविरुद्ध त्याने रेडिओवर भाषण केले आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच प्रक्षेपण बंद झाले. त्याच वर्षी ज्यूंच्या प्रश्नावर चर्चच्या कर्तव्याविषयी त्याने लेख लिहिला. राजवटीच्या ताब्यात गेलेल्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या ‘कन्फेसिंग चर्च’मध्ये त्याने उघड काम केले, आणि 1940 मध्ये त्याच्यावर सार्वजनिक भाषणाची बंदी आली. त्याने गुप्ततेचा आश्रय घेतला तो उघड बोलण्याची दारे एकामागून एक बंद झाल्यानंतर. शिवाय आपले खोटे हे खरे म्हणजे खोटे नव्हेच अशी सोयीची मीमांसा त्याने केली नाही. जबाबदार कृतीत माणसाला अपराध स्वतःवर घ्यावा लागतो, तो निर्दोष राहत नाही, आणि क्षमेसाठी त्याला ईश्वरापुढेच उभे राहावे लागते, असा त्याच्या नीतिविचाराचा गाभा आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोलणाऱ्या युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला आणि शेवटी त्यालाही नरकाचे दर्शन घ्यावे लागले, ही महाभारताची दृष्टी या विचाराच्या फार जवळची आहे: आवश्यक असत्यही असत्यच राहते आणि त्याचे देणे फेडावे लागते.

वर्ध्याची परंपरा याहून पुढे जाऊन गुप्ततेलाच नकार देते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क बजावणारा हा सत्याग्रह होता, आणि त्याची रीत अशी होती की सत्याग्रही आपले नाव, ठिकाण आणि वेळ अधिकाऱ्यांना आधीच कळवत असे. सरकारच्या गुप्तचरांना यात शोधण्यासारखे काहीच उरत नव्हते. बोनहोफरने आबवेरचे ओळखपत्र स्वीकारले तोही याच हंगामातला काळ, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. 1942 च्या आंदोलनात अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले, साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. पण 1944 मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी भूमिगतांच्या धैर्याचे कौतुक करूनही त्यांना उघड होण्याचाच सल्ला दिला, कारण गुप्तता ही हिंसेची सोबतीण आहे आणि ती सामान्य माणसाच्या मनात भीती वाढवते, असे त्यांचे मत होते. 23 जुलै 1939 रोजी वर्ध्याच्या पत्त्याने आणि पुन्हा 24 डिसेंबर 1940 रोजी वर्ध्याहून त्यांनी हिटलरला जी दोन पत्रे लिहिली तीही याच वृत्तीची होती, आणि ब्रिटिश सरकारने ती पुढे जाऊ दिली नाहीत.

या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांचा आहे. गांधीजींनी 20 नोव्हेंबर 1938 रोजी सेगावहून, म्हणजे ज्याला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले त्या गावाहून, लिहिलेल्या लेखात जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला होता. त्यावर 1939 च्या फेब्रुवारीत बूबर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ज्या ठिकाणी कोणी पाहणारा, ऐकणारा, नोंद करणारा उरलेला नाही तेथे दिलेली साक्ष वाऱ्यावर जाते. हा आक्षेप केवळ भावनिक नाही. उघड नकाराला अर्थ प्राप्त होण्यासाठी तो कोणाच्या तरी कानावर पडावा लागतो, आणि हिटलरच्या राजवटीने नेमके तेच अशक्य करण्याची सारी यंत्रणा उभी केली होती. छळछावणीच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला सत्याग्रहाचा उपदेश करणे अन्यायाचे होते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र बूबर यांचा आक्षेप पीडितांना लागू पडतो. तो गुप्तवार्ता-प्रमुखाला लागू पडत नाही. कानारिसच्या नकाराला श्रोते होते: ॲडमिरल, जनरल, परराष्ट्र खात्याचे अधिकारी, तटस्थ देशांतील त्याचे परिचित. येथे विदर्भातील एक घटना उपयोगी पडते, जरी ब्रिटिश राजवट आणि हिटलरची राजवट यांची बरोबरी करता येत नाही. 16 ऑगस्ट 1942 रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले, आणि नंतर चिमूरमध्ये सैनिक व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांच्या चौकशीची मागणी घेऊन सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी. अणे यवतमाळचे, सरकारात राहून देशाचे काही भले करता येईल या विश्वासाने 1941 मध्ये त्यांनी ते पद स्वीकारले होते. सहानुभूती असूनही त्यांना चौकशी मिळवून देता आली नाही. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. सरकारने त्याच्या बातम्यांवर बंदी घातली तेव्हा देशातील वृत्तपत्रांनीच त्या बंदीविरुद्ध निषेध उभारला, आणि दडपलेली गोष्ट अधिकच उघडी पडली. 1943 च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, सरकार त्यांना सोडण्यास तयार नाही हे दिसल्यावर, अणे यांनी दोन सहकाऱ्यांसह जाहीर राजीनामा दिला. पुढे त्यांनी सिलोनमध्ये सरकारी प्रतिनिधीपद स्वीकारले, म्हणजे पदाचे त्यांना वावडे नव्हते. परंतु ज्या रेषेपलीकडे राहता येत नाही अशी एक रेषा त्यांच्यापाशी होती, आणि ती ओलांडली गेल्यावर ते सर्वांच्या देखत बाहेर पडले.

पद सोडणे पुरेसे नसते, ते कसे सोडले यालाही महत्त्व असते, हे जर्मनीतीलच दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक याने चेकोस्लोव्हाकियावरील नियोजित आक्रमणाला विरोध म्हणून 1938 च्या ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. पण हिटलरच्या विनंतीवरून ती बातमी ऑक्टोबरअखेरपर्यंत गुप्त ठेवण्यास तो तयार झाला, आणि तोवर चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश जर्मनीला देणारा म्युनिकचा करार होऊन त्या राजीनाम्यातील सारे बळ निघून गेले होते. पवनारलाही 1975 मध्ये याच्या जवळपास जाणारा अनुभव आला. आणीबाणीच्या वेळी विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते, आणि त्या मौनात त्यांनी लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने आपल्या प्रचारात वापरले. अनुशासन आचार्यांचे असते, राज्यकर्त्यांचे नव्हे, हा त्यांचा आशय 1976 च्या जानेवारीतील आचार्य संमेलनापर्यंत लोकांपुढे नीट येऊ शकला नाही. विनोबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण सत्ता निःशब्दतेचा अर्थ आपल्या सोयीने लावते आणि तो सोयीचा अर्थ खोडण्यासाठी वेळेवर बोलावेच लागते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आता कानारिसच्या आयुष्यातील निर्णायक दिवसाकडे वळता येते. सोव्हिएत संघावर आक्रमण झाल्यानंतर युद्धकैद्यांना कोणतेही संरक्षण नाकारणारे आदेश निघाले, तेव्हा 15 सप्टेंबर 1941 रोजी त्याने त्यांच्याविरुद्ध लेखी टिपण सादर केले. निःशस्त्र माणसाला मारणे सैनिकी परंपरेला आणि आंतरराष्ट्रीय विधीच्या सर्वमान्य तत्त्वांना धरून नाही, असे त्यात म्हटले होते. आणि त्याबरोबरच, अशा वागणुकीने शत्रूचा प्रतिकार तीव्र होईल आणि जर्मनीचेच नुकसान होईल, असाही युक्तिवाद होता. धन्याला पटवण्यासाठी पापाची भाषा सोडून फायद्यातोट्याची भाषा बोलावी लागते, आणि ती बोलणाऱ्याचा आक्षेप मग धोरणाच्या आतला एक मतभेद होऊन बसतो. कायटेलने त्या टिपणाच्या समासात शेरा मारला की हे आक्षेप सभ्य युद्धाच्या सैनिकी कल्पनेतून आलेले आहेत, येथे मात्र एका विचारसरणीचा नाश करायचा आहे, म्हणून आदेशांना त्याची संमती आहे. कागद फायलीत गेला. पुढच्या काही महिन्यांत, 1942 च्या वसंत ऋतूपर्यंत, सुमारे 20 लाख सोव्हिएत युद्धकैदी उपासमार, थंडी, रोग आणि गोळीबार यांनी मेले.

कायटेलच्या शेऱ्यानंतर कानारिसला भ्रमात राहण्यासारखे काहीही उरले नव्हते. राजवटीला नियम समजलेले नाहीत असे नव्हे, तर तिने ते जाणून मोडले आहेत, हे त्याला लेखी कळवण्यात आले होते, आणि त्या क्षणी त्याच्यापाशी विदुराचा मार्ग मोकळा होता: सभेत बोलून बाहेर पडण्याचा. त्याने तसे केले असते तर बहुधा तो मारला गेला असता, आणि ते सैन्य थांबले नसते. पण शपथेच्या आडोशाला उभ्या असलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना, ज्यांना त्याचे नाव आणि त्याच्या माहितीची खोली ठाऊक होती, आपल्याला काही कळले नव्हते असे म्हणण्याची सोय राहिली नसती. तो पदावर राहिला तर आणखी काही जीव वाचतील हा त्याचा हिशेब खोटा नव्हता, ते 14 जण खरोखर वाचले. परंतु त्यांच्या प्रवासासाठी पाठवलेल्या परकीय चलनाच्या व्यवहारानेच तपास यंत्रणेला धागा मिळाला, 5 एप्रिल 1943 रोजी डोनानी आणि बोनहोफर पकडले गेले, आणि ज्या गुप्ततेवर सारे अवलंबून होते ती कोसळली. शेवटी कानारिसला त्याच फाशीला सामोरे जावे लागले, आणि त्याची साक्ष मात्र तोवर कोणाही जर्मन नागरिकाच्या कानी पडली नव्हती.

म्हणून फ्लोसेनबुर्गच्या त्या पहाटेला मेलेल्या दोघांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. बोनहोफरने आधी उघड बोलून मग गुप्त कृती केली आणि तिचा दोष स्वतःच्या नावावर लिहिला; कानारिसने दयेची कृत्ये केली, जोखीम पत्करली, त्यासाठी प्राणही दिले, पण अधर्माला अधर्म असे जाहीर नाव कधीही दिले नाही, आणि ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होते त्याच्याकडून हेच एक देणे होते. त्याने वाचवलेल्यांचे ऋण खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे, तरी त्या ऋणामुळे त्याच्या विभागाने राजवटीची केलेली सेवा पुसली जात नाही. त्याची बाहेर पडण्याची वेळ 15 सप्टेंबर 1941 ही होती. 1944 च्या फेब्रुवारीत हिटलरने त्याला पदावरून दूर केले तोपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे अडीच वर्षे, तो त्याच खुर्चीवर बसून होता.